दीड इंची फाईल

रिसोडच्या नाटक मंडळात आजवर कुणी फाईल पाहिली नव्हती. मंडळाचं नाटक चालायचं ते अनुपच्या डोक्यावर. अनुपचं बसस्टँडच्या मागं मोटार वाइंडिंगचं दुकान, आणि नाटकाच्या दिवशी विंगेत उभं राहून पडदा, लाइट, आवाज सगळं एकटा तोच सांभाळायचा. कधी काय वाजवायचं हे त्याच्या ध्यानात असायचं, आणि नसलं तर तो विंगेतून खुशाल ओरडून विचारायचा, की आता का नंतर? लोक हसायचे, नट हसायचे, नाटक पुढं सरकायचं. गावातल्या गावात हे खपून गेलं हो! पण यंदा मंडळानं वाशीमच्या एकांकिका स्पर्धेत नाव घातलं, आणि दिग्दर्शक उत्कर्ष सरांचा जीव टांगणीला लागला.

उत्कर्ष सर कॉलेजात मराठी शिकवायचे, आणि त्याआधी संभाजीनगरला नाट्यशास्त्र शिकून आले होते. त्यांनी एका तालमीला जाहीर केलं की या वेळी विंगेत संहिता हातात धरून उभं राहणारा, एकेक खूण कागदावर लिहून ठेवणारा आणि तिच्याबरहुकूम इशारा देणारा माणूस पाहिजे. स्टेज मॅनेजर म्हणतात त्याला. सगळ्यांनी माना डोलवल्या आणि एकमेकांकडं पाहिलं. तेवढ्यात मागून सपना म्हणाली, "सर, मी करतो."

ही सपना म्हणजे रामधन शेठच्या स्टेशनरीच्या दुकानात झेरॉक्स मशीनवर बसणारी पोरगी. मंडळाच्या संहितांच्या प्रती काढून द्यायला म्हणून ती दोन वर्षांपूर्वी आली आणि तिथंच रमली. चहा आण, साड्या इस्त्री कर, नटाची चप्पल शोध, यात तिचे दिवस जात होते. पण तिचा डोळा होता विंगेवर. विंगेतून नाटक बघताना हे सगळं आपल्या हातानं चालवावं असं तिला फार वाटायचं. आजवर हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. आता बोलून बसली.

अनुपला ते झोंबलंच. इतकी वर्षं विंग त्याची होती. शेवटी सरांनी मधला तोडगा काढला. स्पर्धेच्या आधी धनज या गावी बुद्धविहाराच्या पटांगणात एक प्रयोग ठरला होता. तिथं सपना इशारे देईल आणि अनुप फक्त बटणं दाबेल. प्रयोग धड पार पडला तर वाशीमलाही सपनाच. नाही पडला तर विंग पुन्हा अनुपची, आणि सपनानं आपलं चहा-इस्त्रीकडं बघावं. सपनानं कबूल केलं, आणि त्या रात्री तिला आनंदानं अन् धास्तीनं झोप आली नाही.

आता संहिता धरायची म्हणजे फाईल आली. रामधन शेठनं गल्ल्यासमोर तीन रिंगच्या फायली मांडल्या. एक अर्धा इंची, एक दीड इंची आणि एक चार इंची. चार इंची ती काळी, ढब्बू, पाठीवर नाव लावायला चंदेरी चौकट. दुकान उघडल्यापासून ती वरच्या फळीवर धूळ खात पडलेली होती, म्हणून शेठनं ती आपल्या शर्टाच्या बाहीनं पुसली आणि तिचं असं कौतुक मांडलं की जणू पोरगीच खपवायची आहे. सपनाला दिसत होतं की आपल्या एकांकिकेची पानं चाळीसही भरत नाहीत. तिचा हात दीड इंचीकडं गेलाही होता.

तेवढ्यात तिचे वडील, इंद्रभान, तिचा डबा घेऊन आले. इंद्रभाननं उभी हयात एका सरकारी कचेरीत शिपाई म्हणून काढलेली, दाराशी स्टुलावर बसून. आत कुणाला सोडायचं आणि कुणाला उद्या या म्हणायचं, याचा त्यांचा स्वतःचा एक कायदा होता. माणसाकडं ते बघतच नसत. बघत ते बगलेतल्या फायलीकडं. त्यांनी तिन्ही फायली हातात तोलून पाहिल्या आणि लेकीला सांगितलं, "बारीक फाईलवाल्याले कोणी खुर्ची देत नाई माय. जाड घे. जाड फाईल दिसली की मोठमोठे उठून उभे राह्यतात."

सपनाला ते पटलं. पटायचंच, तिची खरी काळजी तीच होती. चोवीस वर्षांची पोरगी, विंगेत उभी राहून प्रेमसिंगकाकांसारख्या वयस्क नटाला आणि अनुपसारख्या तिरसटाला इशारे देणार, आणि ते ऐकणार का? वजन पडलं पाहिजे. म्हणून तिनं चार इंची घेतली, चंदेरी चौकटीत 'मुक्कामी गाडी : रंगमंच व्यवस्था' असं टाइप करून लावलं, आणि दुसऱ्या दिवशी ती फाईल दोन्ही हातांनी छातीशी धरून तालमीला गेली.

तालीम चालायची एका अडत्याच्या गोदामात. सोयाबीनचा हंगाम सरला होता, गोदाम रिकामं होतं, तरी पोत्यांचा वास आणि भुकटी होतीच. सपनानं फाईल टेबलावर ठेवली तशी धप्पकन आवाज झाला आणि सगळे वळले. अनुप म्हणाला, "बाप्पा बाप्पा, नाटक हाय का जमिनीचा दावा?" पण म्हणाला तरी खुर्ची त्यानंच सरकवून दिली. इंद्रभानचा कायदा खरा ठरला, आणि सपना मनातून फुलून गेली.

पण त्या कायद्याला दुसरं कलम होतं, ते इंद्रभाननं सांगितलं नव्हतं. आपल्याकडं जाड फाईलवाला माणूस दिसला की लोक नुसते उठून उभे राहत नाहीत. आपला कागदही त्याच्या हवाली करतात. आणि ही तर झेरॉक्सवाली सपना! अर्ध्या गावाचे कागद तिच्या हाताखालून गेलेले. पहिल्या नंबरला लिलाबाई आल्या. लिलाबाई अंगणवाडीत होत्या आणि नाटकात म्हातारीचं मुख्य काम करत होत्या. त्यांच्या मानधनाचा एक कागद पर्समध्ये चुरगळत होता. "एवढ्या फायलीत एवढुसा कागद कुठं जाते?" म्हणत त्यांनी तो आत सारला. मग प्रेमसिंगकाकांनी पोराच्या जातीच्या दाखल्याची झेरॉक्स दिली. कुणी पीकविम्याची पावती दिली, कुणी लग्नपत्रिका, कुणी पोराची पोलिओची चिठ्ठी. खुद्द उत्कर्ष सरांनी लाइटचं बिल ठेवायला दिलं. इंद्रभान तरी कसे मागं राहतील? घराचा नमुना आठचा उतारा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीसकट आत बसवला.

सपनाला नाही म्हणता येत नव्हतं. खरं सांगायचं तर तिला ते आवडतही होतं. कालपर्यंत चहा सांगणारी माणसं आज घरातले कागद विश्वासानं देत होती. आणि जागा होतीच की! जागा असताना नाही कसं म्हणायचं? पाहता पाहता चार इंच भरले. त्या भाऊगर्दीत नाटकाची पानं कुठंतरी मधोमध दबून गेली.

नाटक सांगायला हवं, नाहीतर पुढची फजिती कळायची नाही. एका गावाची मुक्कामी एसटी बंद झालेली असते. रात्री गावात थांबायची आणि पहाटे निघायची ती गाडी. फाट्यावर चार माणसं तिची वाट बघत बसतात, एकेक जण आशा सोडून उठून जातो. शेवटी म्हातारी एकटी उरते. ती बराच वेळ काही बोलत नाही, नुसती रस्त्याकडं बघत बसते. आणि मग हॉर्न वाजतो, गाडीचे दिवे तिच्या अंगावर पडतात, पडदा. हॉर्न अनुपनं भंगारातून आणलेला होता, खराखुरा, बॅटरीवर चालणारा. त्याचा आवाज असा की गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची.

धनजच्या आधीची रंगीत तालीम. सपना विंगेत उभी, फाईल डाव्या हातावर, हात भरून आलेला. तिनं पान उलटलं, तर पानाला चिकटून पीकविम्याची पावती उलटली, तिच्यात अडकून शेवटापर्यंतची पानं एकदम उलटली, आणि टॉर्चच्या उजेडात तिला पानाच्या डोक्यावर तिच्याच अक्षरात 'हॉर्न' दिसलं. तिनं इशाऱ्याचा उजवा हात खाली केला. अनुपनं बटण दाबलं.

नाटक जेमतेम मध्यावर आलं होतं. म्हाताऱ्याचं काम करणारे प्रेमसिंगकाका आपलं मोठं स्वगत बोलत होते. आता प्रेमसिंगकाका म्हणजे मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे, आणि सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झालेली. गाडीचा हॉर्न कानावर पडला तसे ते स्वगत अर्ध्यात सोडून उठले, धोतर झटकलं, "चला, सरका पुढं, सुट्टे पैसे काढा" म्हणाले, आणि उरलेल्या तिघांना हाकत हाकत सरळ विंगेत घेऊन आले. स्टेजवर कुणीच उरलं नाही.

मंडळी हसून हसून बेजार झाली. अनुप तर पोत्यांवर लोळला. हसले नाहीत दोघंच, सपना आणि उत्कर्ष सर. सर रागावलेसुद्धा नाहीत, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. ते एवढंच म्हणाले, की धनजले असं झालं तर वाशीमले अनुपच उभा राहीन, मग माझ्यावर रुसू नको.

घरी येऊन सपना रडली. मग तिला फायलीचा राग आला, मग बाबांचा, आणि शेवटी स्वतःचा. सकाळी तिनं ती चार इंची रिकामी करून दुकानात शेठच्या पुढ्यात परत ठेवली आणि हट्टानं अर्धा इंची उचलली. तिच्यात नाटकाची पानं, खुणांची पानं आणि याद्या बसल्या, पण बसल्या त्या कोंबून. रिंगेत बोटभर जागा राहिली नाही. पान उलटायचं म्हटलं की अडायचं, आणि दोनचार वेळा ओढलं तसं भोकच फाटलं. फाटलेलं पान हातात घेऊन ती गोदामात बसली, आणि तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. पानं मावतात का एवढंच बघायचं नसतं. पान मोकळं फिरलं पाहिजे. तेवढी जागा हवी, आणि त्याच्यावर बोटभरसुद्धा नको. कारण रिकामी जागा दिसली की आपली माणसं ती भरल्याशिवाय राहणार नाहीत.

मग तिनं दुकानातून दीड इंची आणली आणि दुपारचं गोदामाचं शटर ओढून, आत अंधार करून ती उभी राहिली. फाईल डाव्या हातावर, त्याच हाताच्या बोटांत टॉर्च, उजवा हात पान उलटायला आणि इशाऱ्याला. दीड इंची कोपरापासून तळव्यापर्यंत बरोबर बसली. संहितेचं एक पान, समोर खुणांसाठी एक कोरं पान, असं सगळं लावून झाल्यावर रिंगेत वळणापुरती जागा उरली. फोन नंबर, सामानाची यादी, कुणाची साडी कोणती, हे तिनं फायलीतून काढून कापडी पिशवीत घातलं. त्याचं विंगेत काय काम? नाटक सुरू झाल्यावर साडी बदलता येते थोडीच.

राहिले लोकांचे कागद. ते परत करताना तिच्या जिवावर आलं. ज्याचं त्याला नेऊन दिलं तरी तोंडं वाकडी झालीच. प्रेमसिंगकाका दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. लिलाबाईंनी विचारलं, "एवढुसा कागद तुले जड झाला का वं?" सपनाला वाईट वाटलं. तिनं नवी फाईल उघडून दाखवली आणि म्हणाली, "मावशी, यात नुसतं तुमचं बोलणं मावते. बाकी काईच मावत नाई." लिलाबाईंनी आपली वाक्यं एकदा वाचून पाहिली आणि कागद पर्समध्ये टाकला. सगळ्यात अवघड गेलं ते इंद्रभानचं. उतारा परत घेताना ते पुटपुटले, की या काडीएवढ्या फायलीनं तुले कोण पुसणार. सपनानं फाईल हातात तोलून पाहिली. तिलाही तीच तर भीती होती.

मंडळी क्रूझर जीपमधून धनजला गेली. पटांगणात बाकडी जोडून स्टेज केलेलं, विंग म्हणून दोन चादरी बांधलेल्या. चादर आणि भिंत यांच्यामध्ये एवढी चिंचोळी जागा, की चार इंची असती तर फाईल तरी आत राहिली असती किंवा सपना तरी. पायाशी अनुप बॅटरी आणि हॉर्न घेऊन उकिडवा बसलेला. समोर पोरंटोरं, मध्ये बाया, मागं रस्त्याच्या कडेनं पुरुषमंडळी उभी. नाटक सुरू झालं, आणि पानं एकेक करून गुमान उलटत गेली. मधल्या जागी प्रेमसिंगकाकांनी आपलं स्वगत शेवटापर्यंत म्हटलं. हॉर्न वाजला नाही म्हणून तेच जरा दचकल्यासारखे दिसले.

मग शेवट आला. तिघं उठून गेले, लिलाबाई एकट्या बसल्या. पदराचं टोक मुठीत धरून त्या रस्त्याकडं बघू लागल्या. तालमीत ही शांतता छान वाटायची. पण इथं समोर गाव बसलेलं. एक तान्हं रडायला लागलं. कुणीतरी खाकरलं. मागून एक जण बऱ्यापैकी मोठ्यानं म्हणाला, संपलं वाट्टे. दोघं-तिघं चपला शोधायला लागले.

आणि उत्कर्ष सर लोकांच्या मागून धावत विंगेशी आले. घामाघूम झालेले. त्यांनी वहीचा एक कागद फाडून त्यावर लिहून आणलं होतं, हॉर्न लगेच, आणि तो त्यांनी सपनाच्या उघड्या पानावर दाबून धरला. खालून अनुप बघत होता. बोट बटणावर. एकदा सरांकडं, एकदा सपनाकडं.

सरांचं नाटक, सरांची शिकवण, वाशीमला कोण जाणार हेही सरच ठरवणार. चादरीच्या फटीतून सपनाला लिलाबाई दिसत होत्या. त्यांची मूठ अजून मिटलेली होती. तिनं सरांचा कागद पानावरून उचलला आणि त्यांच्या हातात परत दिला. "सर, याले जागा नाई."

"अवं, लोक उठून चालले," सर दबक्या आवाजात म्हणाले. "मी सांगतो, वाजव."

"जाऊ द्या. मावशीचं अजून झालं नाई."

तिनं उजवा हात वर धरला तो धरलाच. अनुपनं सरांकडं बघायचं सोडून दिलं आणि तो त्या हाताकडं बघत राहिला. रडणारं तान्हं कसं कोण जाणे गप्प झालं. चपला शोधणारे वाकलेले होते तसेच थांबले, कारण आता सगळ्यांनाच त्या म्हातारीचं काय होतं ते बघायचं होतं. लिलाबाईंनी एक श्वास सोडला. मूठ उघडली. पदराचं टोक सुटलं.

सपनानं हात खाली केला.

हॉर्न असा वाजला की विहाराच्या भिंतीवरून त्याचा आवाज परत फिरला, आणि दोन हॅलोजन एकदम लिलाबाईंच्या तोंडावर पडले. लिलाबाईंकडं त्या घडीला कुणी पाहिलंच नाही. अख्खं पटांगण मान वळवून रस्त्याकडं बघत होतं, गाडी कुठं आहे म्हणून. मागं उभा असलेला एक म्हातारा तर पायाशी ठेवलेली पिशवी उचलून फाट्याच्या दिशेनं चालायलाही लागला होता. त्याला शेजाऱ्यानं धरून आणलं, तो स्वतःशीच हसला, आणि मग टाळ्या सुरू झाल्या. त्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

उत्कर्ष सर विंगेतच उभे होते. हातातला कागद त्यांनी चुरगळून खिशात घातला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्यांनी उगाच चादरीची गाठ तपासली. तेवढ्यात खालून वायर गुंडाळता गुंडाळता अनुपनं विचारलं, वाशीमले किती वाजता निघाचं? सर सांगायला लागले, तसा अनुपनं त्यांना हातानं थांबवलं.

"तुमाले नाई सर. मी सपनाले विचारून राह्यलो."

सपनानं फाईल मिटली आणि ती म्हणाली, "सकाळी आठले. आठ म्हंजे आठ."

"बरं," अनुप म्हणाला, आणि उरलेली वायर गुंडाळायला लागला.